जुनी स्टीलची टाकी: सिअ‍ॅटलच्या थंड पाण्यासाठी केलेल्या खरेदीच्या नोंदी

14 जानेवारी 2023, शनिवार

अल्काय, कोव्ह 2, सिअ‍ॅटलमधली स्कूबा डाइव्हिंगची जागा. पाणी 8 अंश, जेमतेम पंधरा फुटांपर्यंतचं दिसत होतं. बुडालेल्या ओंडक्याखाली जायंट पॅसिफिक ऑक्टोपस बसला होता. दिसला तो फक्त एक हात आणि त्यावरची वाट्यांची रांग.

पण नोंद करायची आहे ती परतीची. वर येताना पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तेव्हा गेजवर 600 पीएसआय (टाकीतल्या हवेचा दाब) उरलं होतं आणि भाड्याची अ‍ॅल्युमिनियमची टाकी माझी कंबर वर ओढायला लागली. रिकामी कळशी पाण्यात उपडी दाबल्यावर हाताला जशी उसळी लागते, तशी पाठीला लागत होती. तोंड खाली, पाय वर, आणि बडी (डाइव्हचा जोडीदार) समोर शांतपणे आडवा तरंगतोय. त्याच्या पाठीवर स्टीलची टाकी.

मग किनाऱ्यावरच्या पायऱ्या. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा), आत लोकरीचे थर, आणि ते सगळं बुडावं म्हणून 30 पौंड शिसं. तारकर्लीला शिकले तेव्हा तीन मिलिमीटरचा सूट आणि कमरेला चार किलो. इथे शिसंच साडेतेरा किलो! तिसऱ्या पायरीवर ठरवलं की आता स्वतःची टाकी घ्यायची, स्टीलची आणि जुनी. नवी चारशे डॉलरच्या वर जाते.

17 जानेवारी

रात्री जेवणाच्या टेबलावर हिशेब. नवऱ्याला वाटलं टॅक्सचं काम चाललंय.

अ‍ॅल्युमिनियम 80 या टाकीच्या नावात 80 आहे, पण 3000 पीएसआयला तिच्यात 77.4 घनफूट हवा मावते. या हवेचं वजन सुमारे सहा पौंड. डाइव्ह सुरू होताना टाकी किंचित बुडती असते आणि रिकामी झाली की 4 पौंडांहून जास्त उसळी मारते. ती उसळी दाबायला मी पहिल्या मिनिटापासून शिसं वाहते.

अ‍ॅल्युमिनियम हलकं, म्हणून टाकी हलकी, असा माझा समज होता. तो उलटा निघाला. अ‍ॅल्युमिनियमला तेवढा दाब सोसायचा तर भिंत जाड लागते. भिंत जाड की बाहेरचा आकार मोठा, आणि आकार मोठा की जास्त पाणी बाजूला सारलं जातं. क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची भिंत पातळ चालते, त्यामुळे तेवढीच हवा लहान आकारात बसते. जमिनीवर दोन्ही जवळपास सारख्याच जड, फरक पाण्यात पडतो.

माझी उंची पाच फूट एक इंच. अ‍ॅल्युमिनियम 80 असते 26 इंचांची, म्हणजे बाकावर बसले की माझ्या बुडाआधी टाकीच टेकते. त्यामुळे एचपी 100 (एचपी म्हणजे जास्त दाबाची) ही पहिली पसंती: 3442 पीएसआय, सव्वासात इंच व्यास, 24 इंच लांबी. दुसरी एलपी 95 (एलपी म्हणजे कमी दाबाची), आठ इंच व्यासाची. तिचा दाब 2400, आणि परवानगी असेल तर 10 टक्के जास्त, म्हणजे 2640. तेव्हाच तिच्यात 95 घनफूट भरते. एचपी 130 सगळे सुचवतात, पण सुचवणारे सगळे सहा फुटी आहेत.

तारकर्लीत मात्र हे गणित लागू नाही. पातळ सूटला स्वतःची उसळी फार नसते. त्यावर जड स्टीलची टाकी बांधली आणि तरंगायला हवा भरायच्या जाकिटात हवा धरेनाशी झाली, तर पाय मारून वर येणं कठीण. तिकडे अ‍ॅल्युमिनियमच वापरतात ते योग्यच आहे.

22 जानेवारी, रविवार

आज फक्त शिक्के वाचायला शिकले. बडीच्या गॅरेजमध्ये त्याच्या चार टाक्या, एक टॉर्च आणि मी.

आमच्या घरी गॅसवाला आला की आई आधी सिलिंडरची पट्टी वाचायची. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जूनपर्यंत, मग सी, डी, आणि पुढे वर्ष. तारीख उलटलेली असली की सिलिंडर दारातूनच परत. इथे खांद्यावरचे शिक्के वाचताना तीच आठवत होती. फरक एवढाच की गॅसच्या सिलिंडरवर पुढच्या चाचणीची मुदत लिहितात, आणि इथे झालेल्या चाचणीची तारीख. पुढची पाच वर्षं आपणच मोजायची.

डीओटी-3एए2400 असं असेल तर डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, 3एए हा स्टीलच्या टाकीचा प्रकार, 2400 हा दाब. 1970 च्या आधीच्या टाक्यांवर डीओटीच्या जागी आयसीसी (तेव्हाचा आंतरराज्य व्यापार आयोग) असतं. 3442 वाल्या टाक्या 3एए मध्ये बसत नाहीत, त्या खास परवान्यावर बनतात. त्यांच्यावर ई किंवा एसपी आणि परवान्याचा आकडा असतो. मग अनुक्रमांक, कारखान्याची खूण आणि पहिल्या चाचणीचा महिना-वर्ष.

त्यापुढे दर चाचणीची भर. महिना आणि वर्ष यांच्यामध्ये चार बारीक खुणांचा चौकोन, तो चाचणी करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. डाव्या वरच्या कोपऱ्यातून घड्याळाच्या काट्यासारखा फिरत वाचायचा. हे कोणी सांगितलं नसतं तर मी तो आयुष्यभर चुकीचा वाचला असता.

आणि अधिकाची खूण. 3एए टाकीच्या तारखेपुढे + असेल तरच ते 10 टक्के जास्त भरता येतं. पहिल्या तारखेपुढे आहे आणि शेवटच्या तारखेपुढे नाही, तर नाही. विकणारा 'नाइन्टीफाइव्ह' म्हणतो, पण + नसेल तर 2400 लाच थांबायचं, म्हणजे 86 घनफूट. फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांकडे लोक त्याच्याही वर ठासून भरतात हे माहीत आहे. मला ते करायचं नाही.

28 जानेवारी, शनिवार

पहिला सौदा. टकोमाच्या पुढे एक गॅरेज, वडील गेलेले, मुलगा सामान काढतोय. दोन स्टील 72, दोन्हींचे मिळून साठ डॉलर. आयसीसी-3एए2250, पहिली तारीख 1968. पंचावन्न वर्षांची म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. स्टीलच्या टाकीला वयाची अट नाही, दर पाच वर्षांनी चाचणीत पास झाली की झालं. वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा माझा धसका वेगळा आहे. 1988 पर्यंतच्या बऱ्याच टाक्या 6351 या मिश्रधातूच्या, त्यांच्या मानेत तडे जातात आणि त्यांना वेगळी विद्युत चाचणी लागते.

एका 72 चा व्हॉल्व्ह उघडाच होता. टाकी हळूच आडवी-उभी केली तर आत पाणी डुचमळलं. उपडी करून धरली तेव्हा व्हॉल्व्हच्या तोंडातून चहाच्या रंगाचे थेंब माझ्या बुटावर पडले. दुसरी बंद होती, तिच्यात दाब होता. मुलगा म्हणाला, वडिलांनी शेवटची भरलेली हवा असेल, पंधरा-वीस वर्षांची. हुंगून बघायची तर सोडून बघा.

मी सोडली, पण तोंड लांब धरून. ओलसर स्टीलच्या बंद टाकीत गंज चढत राहतो आणि गंजाला लागणारा ऑक्सिजन तो आतल्याच हवेतून घेतो. अशा जुन्या हवेत श्वास घेतला तर वास येत नाही, त्रास होत नाही, माणूस नुसता बेशुद्ध होतो. हे मी त्याला सांगितलं आणि दोन्ही टाक्या कोणालाही तशाच वापरायला देऊ नकोस म्हटलं. घेतल्या नाहीत. त्याने वडिलांचा एक जुना पितळी होकायंत्र दाखवला. तो मात्र घ्यावासा वाटला होता.

5 फेब्रुवारी, रविवार

काळी कुळकुळीत एलपी 95. फोटोत एवढी सुंदर की मी पैसे आदल्या रात्रीच काढून ठेवले.

हात लावला तर रंग बोटांना चिकट लागला, म्हणजे ताजा. शिक्क्यांच्या खाचांत रंग भरलेला, नखाने काढून तारीख वाचली: 2011. बुडाला रबरी बूट. स्टीलच्या टाकीचं बूड गोल असतं, बूट नसेल तर ती उभी राहत नाही. 'बूट काढून दाखवता का?' म्हटल्यावर गृहस्थ म्हणाले, 'तो कधीच निघत नाही.' आणि बोटाने टाकी टिचकीवर वाजवून दाखवली, ऐका कशी टण्ण वाजते. माठ घेताना ठीक आहे, इथे तो नाद काही सांगत नाही.

शेवटी ठरलं की टाकी मी दुकानात तपासायला नेते. नापास झाली तर परत, तपासणीचा खर्च माझा.

दुकानातल्या काकांनी (मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणते, तोंडाने नाव) बुटावर किटलीतून उकळतं पाणी ओतलं. रबर मऊ झालं तसं लाकडी ठोकळा लावून कडेकडेने हलकेच ठोकत गेले. दहा मिनिटांनी बूट फसकन सुटला आणि जमिनीवर लाल-तपकिरी पापुद्र्यांचा ढीग पडला, करपलेल्या पापडासारखा. बुडाच्या वळणावर, जिथे बुटाची कड बसत होती, तिथे सगळीकडून एक पट्टा खाल्लेला. समुद्राचं पाणी बुटात शिरतं, वाळत नाही, आणि मीठ वर्षानुवर्षं तिथेच काम करतं. काकांनी तारेच्या ब्रशने घासून खोली मोजायची सुई लावली. मला एका खड्ड्यात पेन्सिलीचं टोक घालून बघायला दिलं. टोक दिसेनासं झालं.

टाकी परत. गृहस्थांनी घेतली, पण बूट का फाडला म्हणून बोलले. फाडला नव्हता. माझे 25 डॉलर गेले, आणि ते गेले याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

19 फेब्रुवारी, रविवार

एडमंड्सजवळ एक आजी, चाळीस वर्षं इथल्या पाण्यात उतरलेल्या. गुडघे गेले म्हणून सामान काढतायत. वर्दिंग्टनची एचपी 100, पहिली तारीख 2006, मग 2011, मग 2017. ही कंपनी आता स्कूबाच्या टाक्या बनवत नाही, पण तिच्या टाक्या इथे जिकडेतिकडे दिसतात.

दिसायला अगदी भिकार. राखाडी, जागोजागी पांढुरके डाग, एका बाजूला जाकिटाच्या पट्ट्याने घासून चकाकलेला भाग. रंग नाहीच, कारण ती गॅल्व्हनाइज्ड आहे, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली. मालवणला मामाच्या ट्रॉलरच्या तळाला जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात. खारं पाणी आधी त्या वड्या खातं आणि लोखंड वाचतं. वड्या झिजल्या की मामा नव्या मारतो. टाकीवर तेच जस्त सगळीकडून चढवलेलं. एखादा ओरखडा स्टीलपर्यंत गेला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून त्याला राखतं. साध्या रंगाच्या टाकीवर ओरखडा पडला की रंगाखालून गंज पसरतो आणि वरून कळतही नाही. पांढुरके डाग म्हणजे त्या जस्ताचंच खाल्लं गेलेलं, आजींच्या भाषेत 'तिचं काम चाललंय'.

बूट जाळीचा होता आणि त्यांनी मी न विचारताच तो उपसून काढला. खाली कोरडं. गेज लावून बघितलं, 200 पीएसआय. त्या म्हणाल्या, एकदाही पूर्ण रिकामी केली नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तोवर पाणी आत शिरू शकत नाही. टाकीचा जीव जातो तो बहुतेक वेळा पाण्याखाली शेवटपर्यंत ओढल्यामुळे, नाहीतर भरताना व्हॉल्व्हच्या तोंडात राहिलेल्या चमचाभर पाण्यामुळे. म्हणून भरायला देताना त्या आधी व्हॉल्व्ह जरासा उघडून तोंड फुंकरून घेत.

किंमत 150. चाचणीची मुदत संपलेली, त्यामुळे कोणतंही दुकान ती भरणार नाही. मी म्हटलं, हायड्रोत (पाण्याच्या दाबाच्या चाचणीत) नापास झाली तर? त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. 'पास झाली की पाठव. नापास झाली तर आण, मी बागेत कापून घंटा करीन.' इथले लोक खरंच टाक्यांच्या घंटा करतात.

25 फेब्रुवारी

व्हॉल्व्ह उतरवला. आधी सगळी हवा सावकाश सोडली. सोडताना व्हॉल्व्हवर दव धरलं. काकांनी आत लांब दांडीचा दिवा सोडला आणि मला आरशातून बघायला लावलं. आधी काहीच कळेना, नुसती राखाडी विहीर. मग खांद्याच्या आतल्या बाजूला हळदीच्या बोटाने पुसल्यासारखा नारिंगी पट्टा दिसला. काठीला गुंडाळलेल्या पांढऱ्या फडक्यावर तो उतरला. खाली धातू सपाट. याला वरवरचा गंज म्हणतात. तो पुसला जातो, खड्डा करत नाही. खड्डे असते तर ते सुटे आहेत की ओळीने, आणि किती खोल, यावर निकाल लागला असता.

तरी टंबल करायचं ठरलं. टाकीत खडबडीत सिरॅमिकचे खडे आणि पाणी घालून रुळांवर आडवी टाकायची आणि तासन्‌तास हळूहळू फिरवायची. जात्याचीच जात म्हणायची. खरी कसोटी नंतर: गरम पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने कोरडी करायला हवी. पाच मिनिटं गप्पा मारत बसलं की नवा नारिंगी थर हजर. 30 डॉलर.

11 मार्च, शनिवार

हायड्रो. बघू दिलं, ही कृपा.

टाकी पाण्याने काठोकाठ भरतात आणि पाण्याने भरलेल्या दुसऱ्या जाड पिंपात बंद करतात. आतल्या पाण्याचा दाब चढवतात. 3एए असेल तर नेमलेल्या दाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे 2400 ला 4000 पीएसआय. माझ्या टाकीला तिच्या परवान्यात लिहिलेला. टाकी फुगते, पिंपातलं तेवढं पाणी काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की ते खाली उतरतं. जेवढं उतरत नाही तेवढी टाकी कायमची ताणली गेली. एकूण फुगण्याच्या 10 टक्क्यांपेक्षा ते जास्त असेल तर टाकी बाद. हवा न वापरता पाणी का, तर पाणी दबत नाही. टाकी फुटलीच तर फटकन चिरते, बॉम्बसारखी उडत नाही.

नळीतलं पाणी चढताना मी श्वास धरून होते, जो पाण्याखाली कधीही धरायचा नसतो. उतरलं. पाच टक्क्यांच्या आत. माणसाने हातोडीने खांद्यावर 3, चौकोन, 23 ठोकलं. ठोकताना जस्ताचे कण उडाले. 45 डॉलर. आजींना संध्याकाळी पैसे पाठवले.

13 मार्च

मामेभावाचा मालवणहून फोन. तो पर्यटकांना पाण्यात नेतो. 'माका पण एक धाड गे.' त्याला समजावलं की भारतात बाहेरून आणलेलं दाबाचं सिलिंडर असंच भरता येत नाही. 2016 चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. अमेरिकेचा डीओटी शिक्का तिथे चालून जात नाही.

दुसरं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. अमेरिकन टाकीच्या मानेचे आटे पाऊण इंची, युरोपियन व्हॉल्व्ह एम25 चे, म्हणजे 25 मिलिमीटरचे. दोन्ही मापं इतकी जवळ की एम25 चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत जरा सैलसर फिरत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. दाब चढला की तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. जुन्या बाजारात टाकी आणि व्हॉल्व्ह वेगवेगळीकडून घेतले तर दोन्हींवरचा आट्यांचा शिक्का वाचल्याशिवाय एक फेरासुद्धा द्यायचा नाही. त्याने विचारलं, 'आणि शिक्को दिसाक नाय तर?' तर घ्यायचा नाही.

18 मार्च

नवी ओ-रिंग, नवी बर्स्ट डिस्क (दाब फार चढला तर फुटून हवा सोडणारी चकती), 25 डॉलर. वर्षाची आतून-बाहेरून तपासणी आणि स्टिकर, 20. एकूण हिशेब: 150 + 30 + 45 + 25 + 20 = 270. काळीचे 25 धरले तर 295.

पहिली भरणी. दुकानात गेजवर 3450, घरी येऊन गार झाल्यावर 3200. फसवणूक नाही, घाईने भरलं की हवा तापते आणि गार झाल्यावर दाब उतरतो. 3200 ला साधारण 93 घनफूट, मला पुष्कळ. पुढच्या वेळी सावकाश भरायला सांगायचं, किंवा सकाळी ठेवून संध्याकाळी परत वर चढवून घ्यायची.

आईने व्हिडिओवर टाकी बघितली. 'ऑक्सिजन भरलास?' हवा गं आई, साधी हवा. 'मग त्याचे पैसे घेतात?'

25 मार्च, शनिवार

कोव्ह 2, पाणी 8 अंशच. शेवटी 500 पीएसआयवर पंधरा फुटांवर थांबून जाकीट पूर्ण रिकामं केलं. बडीने माझ्या खिशातून दोन-दोन पौंड काढत नेले. सहा पौंड काढल्यावर जागच्या जागी राहिले, आडवी, पाय वर न जाता. म्हणजे 24 पौंड. ऑक्टोपस त्याच ओंडक्याखाली, आज तर हातही दाखवला नाही.

पायऱ्या अजून तेवढ्याच आहेत. पाचवीवर थांबले, तिसरीवर नाही.

घरी गोड्या पाण्याने धुतली, बूट काढून बूड पुसलं. न्हाणीघरात उभी आहे, नवऱ्याची आंघोळ उद्यावर. व्हॉल्व्हच्या मानेला नेलपॉलिशने लिहिलेली एक पट्टी बांधली आहे: ए-28. दुकानात काकांनी विचारलं, हा कुठला कोड? म्हटलं, आमच्याकडचा, गॅसवाल्याचा.